‘सगळा डेटा घेतलाय, काका’: विंडोज नव्याने टाकल्यावर जुनी मेल आणि बुकमार्क परत आणताना

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात २०१९ सालचा कॉम्प्युटर आहे. आठव्या पिढीचा आय-थ्री, म्हणजे विंडोज ११ चालतं. फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) टीपीएम ही सुरक्षेची सोय सुरू करावी लागते. स्टेशनजवळच्या एका दुकानात ८०० रुपयांत काम ठरलं आणि शनिवारी, ८ नोव्हेंबरला संध्याकाळी मशीन परत आलं. ‘सगळा डेटा घेतलाय, काका,’ असं सांगून मुलगा गेला.

डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो सगळं होतं. रविवारी सकाळी थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम उघडला तर समोर नवीन खातं जोडायचा फॉर्म. २००८ पासूनचा पत्रव्यवहार त्यात होता: बिल्डरशी झालेला, मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डरच्या सहीशिवाय जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करण्यासाठी) जिल्हा उपनिबंधक कार्यालयाशी झालेला, लिफ्टवाल्यांशी झालेला. फायरफॉक्सचे बुकमार्कही कोरे.

त्या मुलाने खोटं सांगितलं नव्हतं. दुकानदार ज्याला डेटा म्हणतात त्यात ॲपडेटा नावाचा फोल्डर येत नाही, कारण तो लपवलेला असतो. मेल आणि बुकमार्क दोन्ही नेमके तिथेच राहतात.

रविवार, ९ नोव्हेंबर: कशालाही हात न लावता

त्या फॉर्मवर पत्ता आणि पासवर्ड टाकायचा मोह आवरला, हे बरं झालं. आमची दोन खाती आहेत. जीमेलचं खातं आयमॅपवर चालतं, म्हणजे मेल सर्व्हरवर असते आणि कॉम्प्युटरवर फक्त तिची प्रत. ते कधीही परत जोडता येतं. दुसरं खातं ब्रॉडबँड कंपनीचं, पॉप पद्धतीचं. पॉपमध्ये मेल उतरवून घेतली की सर्व्हरवरून ती ठरावीक दिवसांनी पुसली जाते. आमच्याकडे ही मुदत १४ दिवसांची लावलेली होती. म्हणजे २००८ ते २०१७ची मेल फक्त या कॉम्प्युटरवर होती. तुमचं खातं कोणत्या पद्धतीचं आहे हे आठवत नसेल तर ते पॉप आहे असं धरूनच चालावं.

सी ड्राइव्हमध्ये विंडोज डॉट ओल्ड नावाचा फोल्डर दिसला, ६१ जीबीचा. विंडोज टाकताना पार्टिशन फॉरमॅट केलं नसेल तर जुनी विंडोज, सगळ्या युजर फोल्डरांसकट, या फोल्डरात जाऊन बसते. पण साधारण दहा दिवसांनी विंडोज स्वतःच हा फोल्डर पुसून टाकते. आमचा सी ड्राइव्ह एसएसडी आहे. एसएसडीवर पुसलेल्या जागा ट्रिम या सोयीमुळे खरोखरच रिकाम्या केल्या जातात, त्यामुळे नंतर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवून बहुतेक काही हाती लागत नाही. जुन्या हार्ड डिस्कवर जी आशा असायची ती इथे धरू नये.

म्हणून आधी दोन गोष्टी केल्या. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, आणि तिथे स्टोरेज सेन्स (आपोआप साफसफाई करणारी सोय) बंद. डिस्क क्लीनअपला तर हातच लावला नाही, कारण त्यात ‘मागील विंडोज इन्स्टॉलेशन’ या ओळीपुढे चुकून टिक पडली की संपलं. मग राउटरची वायर काढून ठेवली, म्हणजे थंडरबर्ड चुकून उघडलं तरी ते सर्व्हरशी बोलणार नाही.

लपवलेले फोल्डर दिसण्यासाठी फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, हिडन आयटम्स. त्याच मेनूत फाइल नेम एक्स्टेन्शन्सही (फाइलच्या नावातला टिंबानंतरचा भाग) सुरू करून ठेवा, पुढे लागतं. मग विंडोज डॉट ओल्ड, यूजर्स, जुन्या युजरचं नाव, ॲपडेटा. वाटेत ‘तुम्हाला परवानगी नाही’ असं येतं, तिथे कंटिन्यू दाबायचं.

ॲपडेटाच्या आत लोकल आणि रोमिंग असे दोन मुख्य फोल्डर आहेत आणि इथे बहुतेक लोक फसतात. थंडरबर्डचा फोल्डर दोन्हीकडे दिसतो, आत प्रोफाइलचं, म्हणजे आपली मेल आणि सेटिंग्ज ठेवणाऱ्या फोल्डरचं, नावही तेच असतं: आठ अक्षरांचा अगम्य गुच्छ आणि पुढे डिफॉल्ट-रिलीज. पण लोकलमध्ये असते ती निव्वळ कॅश, म्हणजे तात्पुरत्या फाइली. खरी मेल रोमिंगमध्ये. फायरफॉक्सचंही तसंच, फक्त तो रोमिंगमध्ये मोझिला नावाच्या फोल्डरात असतो. क्रोमचं उलटं: त्याचं सगळं लोकलमध्येच, गूगल, क्रोम, यूजर डेटा या वाटेने. शंका आली तर साइज बघा. आमच्या लोकलमधल्या फोल्डरचा साइज ३०० एमबी होता, रोमिंगमधल्याचा ६ जीबीच्या वर.

कॉपी: चार जीबीची भिंत

३२ जीबीचा नवा पेन ड्राइव्ह ४२० रुपयांना आणला. कॉपी सुरू केली, आणि मधेच ‘फाइल फार मोठी आहे’ असं म्हणून अडली. पेन ड्राइव्हवर २० जीबीहून जास्त जागा मोकळी असताना!

कारण असं, की थंडरबर्ड एका फोल्डरातली सगळी मेल एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहितं. आमच्या इनबॉक्सची फाइल ४.६ जीबीची झाली होती. ३२ जीबीपर्यंतचे पेन ड्राइव्ह सहसा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करून विकले जातात आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी कोणतीही एक फाइल मावत नाही. पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून, ही मर्यादा नसलेल्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला (आत आधीचं काही नव्हतं) आणि मग कॉपी झाली. स्वस्त पेन ड्राइव्ह, त्यामुळे ४० मिनिटं लागली.

दुसरी प्रत त्याच मशीनमधल्या १ टीबीच्या हार्ड डिस्कवर, पूर्ण यूजर्स फोल्डरची. ती विंडोजमधल्या रोबोकॉपी या कमांडने केली, कारण साध्या कॉपी-पेस्टमध्ये एक फाइल अडली की सगळं अडतं. रोबोकॉपी वापरताना एक्सजे हा स्विच (कमांडपुढे लिहायचा पर्याय) न विसरता लावा. युजर फोल्डरमध्ये ॲप्लिकेशन डेटा नावाचे शॉर्टकटसारखे दुवे असतात, ते फिरून त्याच फोल्डरात नेतात. स्विच नसेल तर कॉपी गोल गोल फिरत राहते आणि डिस्क भरते. आर आणि डब्ल्यू या दोन स्विचना १ द्या, नाहीतर एकेका अडलेल्या फाइलसाठी तो दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतो, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून.

मंगळवारी दुकानात सहज फोन केला, तर मेल रिकव्हरीचे ४,५०० रुपये सांगितले. तोवर दोन प्रती तयार होत्या, म्हणून नम्रपणे नको म्हटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर: आवृत्ती

थंडरबर्डमध्ये टूल्समधून इम्पोर्ट आहे, त्यात जुना प्रोफाइल फोल्डर किंवा झिप देता येते. झिपला २ जीबीची मर्यादा आहे, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलोच नाही. त्यापेक्षा जुना फोल्डर जसाच्या तसा नव्या जागी ठेवून थंडरबर्डला ‘हा वापर’ असं सांगणं सरळ पडतं.

नव्या जागी पोचायला विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबायची आणि ॲपडेटा हा शब्द दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून रोमनमध्ये टाइप करायचा. थेट रोमिंग उघडतं. युजरच्या नावाशी डोकेफोड करावी लागत नाही, आणि तशी ती झालीही असती, कारण मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केलं की विंडोज ११ युजर फोल्डरला ईमेल पत्त्याची पहिली पाच अक्षरंच देते.

थंडरबर्ड, प्रोफाइल्स या फोल्डरात पेन ड्राइव्हवरची प्रत टाकली. मूळ फोल्डर नव्हे, प्रत. मग पुन्हा विंडोज-आर, तिथे थंडरबर्ड डॉट ईएक्सई, एक जागा सोडून हायफन आणि मोठा पी. प्रोफाइल मॅनेजर उघडतो. क्रिएट प्रोफाइल, चूज फोल्डर, आणि आपण आणलेला फोल्डर दाखवायचा. त्याच खिडकीत डिलीट प्रोफाइलचंही बटण आहे. ते दाबलं आणि पुढे ‘फाइल्ससुद्धा पुसा’ला हो म्हटलं तर सगळी मेल जाते, म्हणून तिथे जरा सावकाश.

स्टार्ट केल्यावर निरोप आला की हा प्रोफाइल थंडरबर्डच्या नव्या आवृत्तीत वापरला गेला आहे, जुन्यात उघडता येणार नाही. नवीन प्रोफाइल बनवा किंवा बाहेर पडा. दुकानात पेन ड्राइव्हवर जो जुना सेटअप होता तोच टाकला होता: ११५. आमचा प्रोफाइल १४० चा. जुन्या प्रोफाइलवर नवं थंडरबर्ड चालतं, उलटं चालत नाही. अशा वेळी नवीन प्रोफाइलचं बटण दाबू नका, बाहेर पडा. राउटर जोडून अधिकृत साइटवरून नवी आवृत्ती टाकली, राउटर पुन्हा काढला आणि मग प्रोफाइल उघडला.

खाती आली, पासवर्डही आले. थंडरबर्डचे पासवर्ड की४ डॉट डीबी आणि लॉगिन्स डॉट जेसन या दोन फाइलींत मिळून असतात. एक आहे आणि दुसरी नाही असं झालं तर काहीच वाचता येत नाही. पूर्ण प्रोफाइल आणला तर हा प्रश्नच येत नाही. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सेव्ह्ड पासवर्ड्समध्ये जाऊन ब्रॉडबँड कंपनीच्या मेलचा पासवर्ड दोन ठिकाणी लिहून ठेवला. तो हरवला असता तर सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, समितीच्या ठरावाची प्रत, सही-शिक्का आणि चार दिवसांची वाट.

गुरुवार: रिकामे लोकल फोल्डर्स

जीमेल दिसतंय, पॉपचा इनबॉक्स दिसतोय, पण लोकल फोल्डर्सखाली फक्त ट्रॅश आणि आउटबॉक्स. अभिहस्तांतरणाची सगळी मेल तिथेच वर्गवारी करून ठेवलेली होती.

लोकल फोल्डर्सवर राइट क्लिक, सेटिंग्ज, आणि खाली लोकल डिरेक्टरीचा पत्ता बघितला: डी ड्राइव्ह. कधीतरी सी ड्राइव्ह भरला म्हणून कुणीतरी ही मेल डी ड्राइव्हवर हलवली होती. आता मशीनमध्ये डी ड्राइव्ह नव्हताच. विंडोज टाकताना दुकानदाराचा पेन ड्राइव्ह लावलेला होता, त्याने डी हे अक्षर घेतलं आणि आमची १ टीबीची डिस्क ई झाली. पेन ड्राइव्ह निघून गेला, डिस्क मात्र ई-च राहिली. थंडरबर्ड नसलेल्या जागेत मेल शोधत होतं.

प्रोफाइलच्या आत जे फोल्डर आहेत त्यांचे पत्ते थंडरबर्ड प्रोफाइलच्या संदर्भाने लिहून ठेवतं, म्हणून युजरचं नाव बदललं तरी ते सापडतात. प्रोफाइलच्या बाहेर, दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलेल्या मेलचा मात्र पूर्ण पत्ता ड्राइव्हच्या अक्षरासकट लिहिलेला असतो. उपाय एका मिनिटाचा: थंडरबर्ड बंद. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, त्या डिस्कवर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर, डी. सगळे फोल्डर परत आले. रोबोकॉपीची प्रत याच डिस्कवर होती, पण तिला अक्षराशी काही देणंघेणं नाही.

शुक्रवार: आकडा आहे, यादी नाही

पॉपच्या इनबॉक्सवर न वाचलेल्या मेलचा आकडा दिसत होता, पण यादी कोरी. हे बघून छातीत धस्स होतं, पण प्रकार साधा आहे. प्रत्येक मेल-फोल्डरच्या दोन फाइली असतात. एक इनबॉक्स, जिला एक्स्टेन्शन नसतं. त्यात खरी मेल. दुसरी इनबॉक्स डॉट एमएसएफ, ती नुसती अनुक्रमणिका. दुसरी बिघडली तरी पहिलीवरून पुन्हा बनवता येते. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. ४.६ जीबीला बारा मिनिटं लागली. त्याने भागलं नाही तर थंडरबर्ड बंद करून एमएसएफ फाइल पुसायची. चुकून मेलचीच फाइल पुसली जाऊ नये म्हणून पुसण्याआधी साइज बघाच: आमची एमएसएफ २१ एमबी होती.

हवं तर ती बिनएक्स्टेन्शनची फाइल मोठ्या फाइली पेलणाऱ्या टेक्स्ट एडिटरमध्ये प्रतीवरून उघडून बघा. प्रत्येक मेलच्या सुरुवातीला एक्स-मोझिला-स्टेटस अशी ओळ दिसते. तिथे ०००१ म्हणजे वाचलेली मेल, ०००९ म्हणजे वाचून पुसलेली. फोल्डर कॉम्पॅक्ट होईपर्यंत, म्हणजे पुसलेल्या मेलची जागा मोकळी केली जाईपर्यंत, पुसलेली मेल फाइलमध्ये तशीच पडून असते. ०००९ चं ०००१ करून एमएसएफ पुसली की ती यादीत परत येते. आम्हाला २०११चं एक पत्र असंच सापडलं. म्हणून सगळं तपासून होईपर्यंत ‘कॉम्पॅक्ट करू का?’ असं विचारलं की नाही म्हणावं.

मग राउटर जोडला. पॉप खात्याच्या फोल्डरात पॉपस्टेट डॉट डॅट ही छोटी फाइल आहे का हे आधी पाहिलं. कोणती मेल आधीच उतरवली आहे याची नोंद तिच्यात असते. ती नसेल तर सर्व्हरवर उरलेली सगळी मेल पुन्हा उतरते आणि दुबार होते. आमच्याकडे होती, त्यामुळे फक्त नव्या १९ मेल आल्या.

जीमेलने मात्र पुन्हा साइन-इन मागितलं आणि ओटीपी गेला माजी सेक्रेटरींच्या मोबाइलवर. ते आता खारघरला राहतात. ‘अहो, ओटीपी आला असेल बघा,’ म्हणून फोन केला, त्यांनी लगेच सांगितला. आत गेल्यावर रिकव्हरीचा नंबर बदलला आणि बॅकअप कोड काढले: आठ अंकी दहा कोड, प्रत्येक एकदाच चालणारा. छापून सोसायटीच्या फाइलला लावले. समिती बदलते, मोबाइल नंबर तिच्याबरोबर जातो. याच दिवशी विंडोजच्या डिव्हाइस एन्क्रिप्शनची, म्हणजे डिस्कला लागणाऱ्या कुलपाची, की पण छापली, ४८ आकडी. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केल्यावर हल्लीच्या विंडोज ११ मध्ये हे कुलूप न विचारता लागू शकतं.

शनिवार: बुकमार्क

मेलपुढे हे किरकोळ. फायरफॉक्सच्या जुन्या प्रोफाइलमध्ये बुकमार्कबॅकअप्स नावाचा फोल्डर आहे, त्यात कमाल १५ बॅकअप राहतात. फाइलच्या नावातच तारीख असते आणि तारखेनंतरचा आकडा म्हणजे त्यात किती बुकमार्क आहेत ते. आमच्याकडे ऑक्टोबरअखेरच्या फाइलवर ४१२ होते. शेवटच्या फाइलवर आकडा एकदम घसरलेला दिसला तर तिच्या आधीची घ्या.

कंट्रोल, शिफ्ट, ओ. इम्पोर्ट अँड बॅकअप, रिस्टोअर, चूज फाइल. रिस्टोअर आताचे बुकमार्क पुसून जुने बसवतं. त्यामुळे मधल्या आठवड्यात काही नवं साठवलं असेल तर ते आधी एचटीएमएलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा आणि रिस्टोअरनंतर इम्पोर्ट करा. इम्पोर्ट भर घालतं, काही पुसत नाही. फायरफॉक्सच्या सिंकमध्ये (खात्यामार्फत बुकमार्क जुळवणाऱ्या सोयीत) साइन-इन हे सगळं झाल्यावरच.

क्रोममध्ये डिफॉल्ट फोल्डरात बुकमार्क्स नावाची बिनएक्स्टेन्शनची फाइल आणि तिची डॉट बॅक ही राखीव प्रत असते. क्रोम पूर्ण बंद करून ती जागी ठेवायची. घड्याळाजवळ क्रोमचं चिन्ह उरलं असेल तर तो बंद झालेला नाही, आणि मग आपली फाइल तो स्वतःच्या फाइलने झाकून टाकतो. क्रोमचे पासवर्ड मात्र असे फाइल कॉपी करून येत नाहीत, ते जुन्या विंडोजमधल्या त्या युजरच्या किल्लीने बंद केलेले असतात. विंडोज टाकण्याआधीच ते एक्स्पोर्ट करायला हवेत.

४१२ पैकी बरेच दुवे मेलेले निघाले. मालमत्ता पत्रक बघायचं भूलेख आता महाभूमीच्या पत्त्याखाली गेलं आहे. बंद पडलेल्या पानांसाठी, जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकला. काही पानं मिळाली, काही नाहीत.

रविवार, १६ नोव्हेंबर: मराठी

जुन्या काही मेल उघडल्या तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग एक गोल चिन्ह, मग पुन्हा तोच ए, मधेच येनचं चिन्ह. अशी ओळच्या ओळ दिसली तर घाबरू नका, मेल शाबूत आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या संकेतात देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि पहिले दोन बाइट कायम दोनच जोड्यांपैकी एक. ते इंग्रजी संकेतात वाचले की हीच चिन्हं दिसतात. मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने संकेत कोणता ते लिहिलेलं नसतं, एवढंच. व्ह्यू मेनूत रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग. बहुतेक सुधारतात.

जोडपत्रांचं दुखणं वेगळं. २०१० च्या आसपासची आमची पत्रं युनिकोडमध्ये नाहीत, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. त्यांत अक्षरं खरोखर रोमनच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्टच नाही. तो विंडोज डॉट ओल्डमधल्या विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरात सापडला. राइट क्लिक, इन्स्टॉल, आणि सभेची इतिवृत्तं वाचता येऊ लागली. हा फोल्डर यूजर्सच्या बाहेर आहे, त्यामुळे आमच्या दोन्ही प्रतींत तो आला नव्हता. आठवलं ते आठव्या दिवशी. तुम्ही पहिल्याच दिवशी कॉपी करा.

थंडरबर्डच्या शोधात जुनी मेल सापडत नव्हती. बंद करून ग्लोबल-मेसेजेस-डीबी ही शोधाच्या अनुक्रमणिकेची फाइल पुसली, रात्रभर मशीन चालू ठेवलं, सकाळी शोध नीट चालू.

गुरुवारी, २० तारखेला सी ड्राइव्हमध्ये ६१ जीबी मोकळी दिसली. विंडोज डॉट ओल्ड गेलं होतं.